'मोरीत पाय घसरला' म्हणणाऱ्या बाईशी कसं बोलायचं: गावात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

दीड महिन्याच्या बाळाला पहिल्या डोससाठी घेऊन ती आली, तेव्हा तिच्या डाव्या दंडावर चार बोटांचे वळ होते. "मोरीत पाय घसरला," म्हणाली. अडीच महिन्यांच्या डोसला आली तेव्हा ओठ फुटलेला. पुन्हा मोरीच. मी बाळाला सुई टोचली, ताप आला तर काय करायचं ते सांगितलं, कार्डावर पुढची तारीख घातली आणि पुढच्या बाळाला हाक मारली. दोन्ही वेळा तिची सासू अंगणवाडीच्या दारातच बसून होती. मोरीत पडलेल्या बाईच्या दंडावर बोटं कशी उमटतील, हा प्रश्न मला रात्री भाकरी थापताना पडला.

मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आणि आता आशाताईंची, बचत गटातल्या बायकांची शिबिरं घेते. हा लेख नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी आहे. नुकतीच नेमणूक झालेली आशा, उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी, गटाची अध्यक्ष, किंवा शेजारच्या घरातला आवाज ऐकून झोप उडालेला कुणीही.

एक आकडा आधीच मनात ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित स्त्रियांपैकी साधारण एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्के जणींनी. म्हणजे बाकीच्या पोलीस ठाण्यात जात नाहीत, माहेरीही सांगत नाहीत. पण त्या लसीकरणाला येतात, बीपी मोजायला येतात, डोकं दुखतं म्हणून गोळ्या न्यायला येतात. तुमचं काम तिथे सुरू होतं.

आधी वही तयार करा

पहिल्याच आठवड्यात कुणाला प्रश्न विचारायला जाऊ नका. बाईने मन मोकळं केलं आणि पुढे काय करायचं हेच तुम्हाला ठाऊक नसलं, तर ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. म्हणून आधी एक छोटी वही करा. त्यात हे नंबर हवेत: तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिका १०८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

पण नुसते नंबर लिहून भागत नाही. तुमच्या भागाचे संरक्षण अधिकारी, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेले अधिकारी, कोण, ते महिला व बालविकास कार्यालयात जाऊन विचारा. त्यांना स्वतः भेटा, चेहरा ओळखीचा करा. जिल्ह्याचं सखी केंद्र, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी सगळी मदत देणारं सरकारी केंद्र, कुठे आहे, तिथे रात्री मुक्कामाची सोय आहे का, सोबत मूल चालतं का, हे फोन करून विचारा. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पोलिसांच्या आवारात महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष असतो. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून तो पहिल्यांदा सुरू केला. तिथे समाजकार्य शिकलेल्या कार्यकर्त्या बसतात. खाकीची भीती असलेल्या बाईला तिथे नेणं सोपं जातं. वहीतल्या प्रत्येक ठिकाणी एकदा तरी स्वतः जाऊन या. "तिथल्या मॅडम चांगल्या आहेत, मी भेटलेय त्यांना" हे वाक्य तुम्हाला खरेपणाने म्हणता आलं पाहिजे.

काय दिसतं, काय दिसत नाही

वळ आणि फुटलेला ओठ सगळ्यांनाच दिसतो. पण मार बहुतेक कपड्याखाली असतो: पाठीवर, पोटावर, मांड्यांवर. कानफटात बसल्याने कानाचा पडदा फाटतो आणि बाई "कान वाहतोय" म्हणून येते. महिनोन् महिने डोकेदुखी, अंगदुखी, झोप नाही, छातीत धडधड, आणि तपासण्या सगळ्या नॉर्मल. गरोदरपणाची नोंदणी उशिरा. तांबी नको म्हणते, पण कारण सांगत नाही. तुम्ही प्रश्न तिला विचारता आणि उत्तर दर वेळी नवरा देतो. "चुकून औषध प्यायले" असं म्हणून कीटकनाशकाची केस आली, तर 'चुकून' या शब्दापाशी जरा थांबा.

यात गळा दाबण्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. गळ्यावर खूण नसली तरी आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, किंवा त्या वेळी कपड्यांत लघवी झालेली असणं, यातलं काहीही सांगितलं तर तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. आतली सूज नंतर वाढू शकते. आणि ज्याने एकदा गळा आवळला, त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका फार वाढलेला असतो.

विचारायचं कसं

एकांत नसेल तर विचारायचं नाही. हा नियम कधीच मोडू नका. मी एकदा मोडला. सासू जरा लांब होती म्हणून हळूच विचारलं, तिने ऐकलं, आणि त्या सुनेचं दवाखान्यात येणंच दोन महिने बंद झालं. ती गोष्ट मला आजही टोचते.

गावात एकांत आयता मिळत नाही, तो तयार करावा लागतो. "आत्या, बाळाला जरा बाहेर घेऊन बसता का, मला हिचं पोट तपासायचंय." "लघवीची तपासणी आहे, हिला आत नेते." वजनकाटा मुद्दाम आतल्या खोलीत ठेवा. नवरा सोबत असेल तर त्याला केसपेपर काढायला खिडकीवर पाठवा. तुमच्या जवळच दोन वर्षांपेक्षा मोठं मूल असलं तरी बोलू नका, कारण मूल घरी जाऊन जसंच्या तसं सांगतं.

मग थेट पण हळू आवाजात. "पुष्कळ घरांत बायकांना मारहाण होते, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. घरात तुला कुणाची भीती वाटते का?" किंवा, "अशी खूण मी आधी पाहिलीय. कुणी हात उचलला का ताई?" ती नाही म्हणाली तर खोदू नका. "बरं. कधी बोलावंसं वाटलं तर मी दर महिन्याला इथेच असते." एवढं पुरे. बऱ्याच जणी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोलतात.

बोलली, तर जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सांगितलेल्या पाच गोष्टी लक्षात ठेवा: ऐकून घेणं, तिला आत्ता काय हवंय ते विचारणं, तिच्यावर विश्वास ठेवणं, तिची सुरक्षितता पाहणं, आणि पुढच्या मदतीशी जोडून देणं. शिबिरात बायका चौथ्या-पाचव्या गोष्टीची घाई करतात. मी त्यांना पहिल्या तिन्हींवरच अडवून धरते. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही." ही दोन वाक्यं म्हणून गप्प बसा. ती रडेल. रडू द्या.

जिभेवर येणारी काही वाक्यं मात्र गिळून टाका. "पण तू काय बोललीस त्याला?" "दोन मुलं झाली, आता कुठे जाशील?" "थोडं सहन कर, वय झालं की सुधारतो." आणि उलट्या बाजूचंही, "असल्या नवऱ्याला सोडूनच दे." घर सोडायचं का, कधी सोडायचं, तक्रार करायची का, हे तिने ठरवायचं. घर सोडण्याचे दिवसच पुष्कळदा सगळ्यात धोक्याचे असतात, आणि तिचा नवरा तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतो.

आज रात्री काय?

ती घरी परत जाणार असेल तर जाण्याआधी पाच प्रश्न विचारा. मार हल्ली वाढलाय का? कोयता, कुऱ्हाड, रॉकेल अशा कशाची धमकी दिली का? गळा दाबला का? तू गरोदर आहेस का? तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? दोन-तीन प्रश्नांना 'हो' आलं तर सरळ सांगा, "मला तुझी काळजी वाटतेय, आज घरी जाणं धोक्याचं आहे," आणि सखी केंद्राला तिच्यासमोर फोन लावा. शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं तर त्या एकट्या उत्तरावरही तिला एकटं सोडू नका.

धोका तेवढा नसेल तरी बेत ठरवून द्या. भांडण पेटायला लागलं की स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं, कारण तिथे विळी आहे, गॅस आहे. ओसरीवर, अंगणात, लोकांच्या नजरेत यायचं. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, बाळाचं कार्ड, लग्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स विश्वासाच्या घरी ठेवायच्या. थोडे पैसे आणि मुलांचा एक जोड कपडे तिथेच. शेजारणीशी खूण ठरवायची. एका वस्तीत बायकांनी ठरवलं होतं, पितळी ताटावर पळी आपटली की दोघी-तिघींनी लगेच निघायचं.

तिच्या हातात चिठ्ठी, पत्रक देऊ नका. नवरा पिशवी तपासतो, फोन तपासतो. तुमचा नंबर 'लसीकरण ताई' म्हणून सेव्ह करून द्या आणि तुम्ही आपण होऊन कधी फोन करू नका. वेळ तिने सांगायची.

कागद नीट लिहा

रुग्णालयात उपचार आधी, पोलिसांचे कागद नंतर. केसपेपरवर "पडल्याने इजा" असं लिहून मोकळं होण्याची सवय मोडायला हवी, कारण पाच वर्षांनी कोर्टात तोच कागद बोलतो. तिच्या शब्दांत लिहा: "रुग्णाच्या सांगण्यानुसार काल रात्री पतीने लाकडाने डाव्या खांद्यावर मारले." इजा कुठे, केवढी, कोणत्या रंगाची, हे शरीराच्या आकृतीवर दाखवा. ती कारण सांगायला तयार नसेल तर जे दिसतं ते लिहा.

लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर तातडीने मोफत उपचार करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. नाकारणं हा गुन्हा आहे. लैंगिक अत्याचारानंतर गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितक्या लवकर तितकं चांगलं. म्हणून "आधी पोलीस ठाण्यात जाऊन या" असं सांगून कुणालाही परत पाठवू नका. दोन बोटांची चाचणी, म्हणजे बाईला आधी संबंधांची सवय होती का हे बघायला योनीत बोटं घालून केलेली तपासणी, कधीच करायची नाही. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती नाकारलेली आहे आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनासाठी जबाबदार धरलं जाईल असं बजावलं. पीडित १८ वर्षांखालील असेल तर पोक्सोनुसार, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार, पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. अशा वेळी "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलीला देऊ नका. ते पाळता येत नाही, आणि मोडलं की तिचा दुसऱ्यांदा विश्वासघात होतो.

आशाताईंनी आपल्या रोजच्या वहीत बाईचं नाव घालून हिंसेची नोंद करू नये. ती वही दहा हातांत फिरते.

कायद्यातलं तुम्हाला लागेल तेवढंच

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ पासून. बायकांना यातली एक गोष्ट आधी सांगा: घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. "चालती हो" म्हटलं म्हणून तो हक्क जात नाही. शिवाय मारहाण थांबवण्याचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा, भरपाई, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. नवऱ्याला तुरुंगात टाकणं हा या कायद्याचा पहिला हेतू नाही, हे सांगितलं की पुष्कळ बायकांच्या जिवात जीव येतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात. वकील मोफत मिळतो, आणि त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

छळासाठीचं जुनं ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत गेलं आहे. ठाण्यात जाताना नवे आकडे माहीत असलेले बरे.

शेजाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगा. हिंसेची माहिती चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होऊ शकत नाही.

गावाला कामाला लावणं

इथवरचं सगळं मार बसल्यानंतरचं झालं. तो बसूच नये म्हणून काय करायचं, हे जास्त कठीण आहे आणि तिथेच मला सगळ्यात जास्त आशा वाटते.

आपल्या गावांना 'मिटवणं' फार चांगलं जमतं. चार शहाणी माणसं बसतात, नवऱ्याला दोन शब्द सुनावतात, बाईला "तू पण जरा सांभाळून घे" म्हणतात, चहा होतो आणि प्रकरण मिटतं. मार मात्र थांबत नाही. तिसऱ्या वेळी मिटवायला बसलेल्या माणसांना बाई काय सांगणार? म्हणून बैठक बसलीच तर तिथे एकच प्रश्न लावून धरा: हात उचलणं आजपासून थांबणार का, आणि नाही थांबलं तर आपण काय करणार? तडजोडीच्या कागदावर बाईची सही घेऊ नका. आणि बलात्कार, मुलांवरचे अत्याचार हे गावात मिटवण्याचे विषयच नाहीत, मग ती तंटामुक्त समिती असो की भावकी.

थांबवण्याची सुरुवात फार साध्या गोष्टीने होते. शेजारून आवाज आला की दार वाजवायचं. "वहिनी, जरा विरजण आहे का?" "दादा, तुमच्याकडे लाईट आहे का, आमच्याकडे गेली." भांडणाचा उल्लेखही करायचा नाही. उठलेला हात खाली येतो, कारण कुणीतरी दारात उभं आहे. एकटीने जाऊ नका, दोघी जा, सोबत एखादा वयस्क पुरुष असला तर उत्तम. हत्यार दिसलं तर आत पाऊल टाकू नका, बाहेरून मोठ्याने हाका मारा आणि ११२ लावा. आळीआळीने अशा चार-पाच घरांची साखळी आधीच ठरवून ठेवा. एका वाडीत हे सुरू झालं तेव्हा पहिले काही दिवस विरजणच फार मागितलं जात होतं. नंतर पुरुषांनाही कळलं की हे विरजण कसलं आहे. तोवर दार वाजणं ही त्या वाडीची रीत झाली होती.

बचत गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाच्या घरचं नाव न घेता. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, पुष्कळ ठिकाणी ती नुसती वहीत होते. ती खरोखर भरवा आणि तिथून ठराव पुढे न्या: रस्त्यावरचा दिवा, शाळेच्या वाटेवरची छेडछाड, शौचालयाची वाट. गावाचा ठराव किती लांब पोचू शकतो ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने दाखवलं. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असं ठरवलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितला.

दारूबद्दल थोडं. बायका म्हणतात, "पिऊन आला की मारतो, एरवी देवमाणूस." दारूबंदीसाठी जरूर लढा, गावाच्या मतदानात आडवी बाटली करा. पण हेही विचारा की पिऊन आल्यावर तो मुकादमाला का मारत नाही? दारू सुटली आणि मार तसाच राहिला, अशी घरं मी पाहिली आहेत.

पुरुषांशिवाय हे पुढे जात नाही. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही पुरुषांची संस्था तरुण मुलांबरोबर याच विषयावर काम करते आहे. गावात सुरुवात करायची तर भजनी मंडळातला, तालमीतला, दूध डेअरीतला असा एक माणूस शोधा, ज्याचं घर शांत आहे आणि ज्याचं चार लोक ऐकतात. पहिल्याच बैठकीत 'हिंसा' हा शब्द काढू नका. "लहानपणी वडिलांची भीती वाटायची का?" इथून सुरू करा. गप्प बसलेली मोठमोठी माणसं त्या प्रश्नाला बोलायला लागतात. युगांडात कंपालाच्या वस्त्यांमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच, पुरुष आणि स्त्रिया मिळून, असं बोलणं काही वर्षं चालू ठेवलं. तिथल्या अभ्यासात हे काम झालेल्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा ५२ टक्के कमी आढळली. तिथे जमलं, तर आपल्या आळीत जमायला हरकत नाही.

दवाखान्यातल्या लोकांना शिकवताना

प्रशिक्षणाला फक्त डॉक्टर आणि नर्स बोलावू नका. केसपेपर लिहिणारा, औषधं देणारा, सफाई करणारी मावशी, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, सगळ्यांना बसवा. बाईला पहिला तिरकस शब्द ऐकू येतो तो खिडकीवर, आणि खरं काय ते पुष्कळदा मावशीलाच माहीत असतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने दिलासा केंद्र सुरू केलं त्याला दोन तपं होऊन गेली. हिंसा हा आरोग्य खात्याचा विषय आहे आणि मदतीची खोली रुग्णालयातच हवी, हे त्याने आपल्याकडे रुजवलं. तुमच्या केंद्रात वेगळी खोली नसेल तर निदान दार लागणारा एक कोपरा आणि आत पडदा एवढं करा. मदतीचे नंबर बायकांच्या शौचालयात आतल्या बाजूने लावा, तिथे ती एकटी असते.

भाषणं कमी ठेवा. तीन खुर्च्या मांडा: एक बाई, एक सासू, एक नर्स. सासूला बाहेर कसं काढायचं हे प्रत्येकीने करून दाखवायचं. पहिल्यांदा सगळ्या हसतात. दुसऱ्या खेपेला खोली शांत होते, कारण समोर बसलेल्यांतल्याही काही जणी स्वतः मार खाऊन कामावर आलेल्या असतात. त्यांच्यासाठी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही एकट्या बसलेल्या सापडाल, अशी जागा आधीच सांगून ठेवा.

आणि स्वतःला जपा. ऐकलेलं घरी नेऊन कुणाला सांगायचं नाही, पण आतही साठवायचं नाही. महिन्यातून एकदा गटप्रवर्तकांबरोबर, म्हणजे आशांचं काम पाहणाऱ्या ताईंबरोबर, बसून नावं न घेता बोला. एखाद्याने वाटेत अडवून धमकी दिली तर ती त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि त्या घरी पुढची भेट एकटीने करू नका.

ती मोरीवाली बाई साडेतीन महिन्यांच्या डोसला आली तेव्हा मी सासूच्या मांडीवर बाळ दिलं आणि "हिचं पोट तपासायचंय" म्हणून तिला आत नेलं. विचारलं. ती बराच वेळ पडद्याच्या कडेचा दोरा ओढत राहिली. मग पाठीवरचा पदर बाजूला केला.

तिने घर सोडलं नाही, तक्रारही दिली नाही. कागदांच्या झेरॉक्स मात्र पलीकडच्या आळीतल्या काकूंकडे ठेवल्या, आणि त्यांच्याशी ताटाची खूण ठरवली. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला ती एकटीच आली. बाळाला टोचून झाल्यावर मी तिचं वजन करायला तिला आत नेलं, आणि या वेळी दार तिनेच लावून घेतलं.